छत्रीवाल्याची शिवण

“शिडाला घाली टाका, दोरा मेणातून ओढिला,
वाऱ्याच्या गो हाती, माझा जीव मी सोडिला…”

आवाज आईचा, चाळीस वर्षांपूर्वीचा. खाडीकाठी माडांच्या सावलीत शीड अंथरलेलं असायचं. एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला चुलता आणि मधे मांडी घालून बसलेली आई. मेणाच्या गोळ्यावरून दोरा ओढून ओढून ती दोघांकडे द्यायची. दोरा मेणातून जाताना बारीक सूर निघायचा, त्या सुरावर ती हे गाणं बसवायची. पुढे गलबतांना इंजिनं आली, शिडं गेली, आईही गेली. पण मशीनच्या पट्टीवर पाय पडला की ताजुद्दीनच्या ओठांवर ते गाणं आपोआप यायचं. मग समोर शीड असो, नाहीतर सौदीत खफजीच्या यार्डातल्या पंपावर घालायची ताडपत्री.

त्या दिवशीही तो असाच गुणगुणत होता. दारातून कुणीतरी म्हणालं, “एक्स्क्यूज मी.”

दुपारचे बारा वाजले होते, तरी शिलाईखोलीत दिवा लावलेला होता. दोन महिन्यांपूर्वी इराकी सैन्य कुवेतमधून मागे फिरलं, ते तेलविहिरी पेटवून. सरहद्द इथून हाकेच्या अंतरावर. वारा तिकडून आला की भरदुपारी दिवेलागण व्हायची आणि दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर काळे थेंब पडायचे. ताजुद्दीन ज्या ठेकेदाराकडे होता, तो ह्या आगी विझवायला पंप आणि माणसं पुरवत असे. रोज पहाटे गाड्या भरून माणसं वर, विहिरींकडे जायची आणि दिवस मावळताना काजळी माखून परत यायची. ताजुद्दीनला वर जावं लागत नसे. तो यार्डाचा शिंपी. तंबू, ताडपत्र्या, टाक्यांची झाकणं, फाटलं-उसवलं ते सगळं त्याच्याकडे यायचं.

दारात एक गोरा उभा होता. साठीला टेकलेला, काटकुळा, चष्म्याच्या काड्यांना दोरी बांधून ती मानेत अडकवलेली. हातात जाड पिवळ्या कापडाचा डगला.

“सदा,” ताजुद्दीनने पलीकडच्या स्टोअरकडे बघून हाक मारली, “बघ रे, ह्याला काय हवाय. सांग, डगला ठेवून जा, संध्याकाळला देतो म्हणून.”

सदानंद स्टोअरचा कारकून, चिपळूणचा. ताजुद्दीनपेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि इंग्रजी बोलायला यार्डातला सगळ्यात धीट. तो गोऱ्याशी दोन मिनिटं बोलला आणि हसतच वळला.

“ताजूभाई, शिवून नकोय. मशीन हवंय. स्वतः शिवणार म्हणतो.”

“स्वतः? का? आमच्या हातांना काय काटे हायत?”

“तसं नाही हो. सवय आहे म्हणतो. पूर्वी विमानातून उडी मारायचा.”

ताजुद्दीनने पाय थांबवला. “विमानातून उडी मारायचा, म्हणून डगला स्वतः शिवतो?”

“तेच मी विचारलं.”

“मग?”

“म्हणाला, हो.”

ताजुद्दीन उठला आणि त्याने स्टूल पुढे सरकवलं. तेरा वर्षं सौदीत काढून त्याने बरीच माणसं पाहिली होती. दात विकणारे, बाज पाळणारे, उंटांना दाढदुखीवर दवा देणारे. पण स्वतःचा डगला स्वतः शिवणारा गोरा त्याने पाहिला नव्हता.

गोऱ्याचं नाव वेंडेल. तो खिशातलं आपलं रीळ लावून मशीनवर बसला आणि ताजुद्दीन बाजूला उभा राहून बघत राहिला. कापड धरायची रीत बघूनच त्याला कळलं, की हा हात जाणता आहे. डावा अंगठा शिवणीच्या पुढे, तर्जनी खाली. पण सुई चालू झाली आणि दुसरी गोष्टही त्याला कळली. म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले होते. शिवण चरायला सोडलेल्या गाईसारखी जात होती, दोन पावलं बांधावर, दोन पावलं शेतात.

ताजुद्दीनने चहाचं भांडं उचललं. शिंप्याने शिंप्याच्या शिवणीला नाव ठेवू नये, निदान तोंडावर तरी.

*

वेंडेल पंपांवर होता. विहिरीजवळ जाणाऱ्या माणसांवर पाण्याचा फवारा धरायचं काम त्याचं. दोन दिवस वर, एक दिवस यार्डात. यार्डातला दिवस तो शिलाईखोलीत घालवू लागला. कधी पिशवीचा पट्टा, कधी डगल्याचा खिसा, काही ना काही घेऊन यायचा. ताजुद्दीन सुलेमानी चहा करायचा आणि सदानंदला बोलावून घ्यायचा. सदानंद कपाळावर हात मारून म्हणायचा, “मला स्टोअरची कामं आहेत हो!” आणि स्टूल ओढून बसायचा.

“त्याला विचार,” ताजुद्दीन म्हणायचा, “वणवा लागला की माणसं भायेर पळतात. हा आत उडी का मारायचा?”

सदानंद विचारायचा, ऐकायचा, डोकं खाजवायचा. “म्हणतो, तिकडं मोंटानात डोंगरच डोंगर. रस्ता नाही, पायवाट नाही. वीज पडून एखादं झाड पेटतं. चालत जायचं तर दोन दिवस लागतात, तोवर अख्खा डोंगर पेटलेला. म्हणून पॅराशूटची छत्री बांधून विमानातून दोघं-दोघं उड्या टाकायचे. आग लहान आहे तोवर.”

“म्हणजे आग पाळण्यात आहे तोवर.”

“आता हे इंग्रजीत कसं सांगू?”

“राहू दे. पाणी कुठनं आणायचे ते विचार.”

“पाणी नाही म्हणतो.”

“पाणी नाय? मग विझवायचे कशानं, थुंकून?”

सदानंदने हे सांगायचं टाळलं. पण वेंडेल दोघांच्या तोंडाकडे बघत होता, त्याने खोदून विचारलंच. कळलं तेव्हा तो एवढा हसला की दोरी बांधलेला चष्मा छातीवर लोंबकळला. मग त्याने टेबलावरचा शिंप्याचा खडू उचलला, काळ्या ताडपत्रीवर एक डोंगर काढला, त्याच्या कडेला आग काढली आणि आगीच्या पुढ्यात एक जाड रेघ ओढली. म्हणाला, कुदळीने गवत, मुळं, पाचोळा सगळं खरवडायचं, खालची कोरी माती उघडी करायची. आगीला खायला काही ठेवायचं नाही.

ताजुद्दीन रेघेकडे बघतच राहिला. “अरे सदा, ही तं जाळरेषा! आमच्या डोंगरावर वणवा आला की हेच करतात. सगळा गाव जातो. हिरव्या फांद्या घेऊन झोडपतात नि अशी पट्टी काढतात. त्याला सांग, आमच्याकडं पण हेच हाय. फक्त आम्ही चालत जातो.”

वेंडेलने हे ऐकलं आणि आपल्या रेघेखाली दुसरी रेघ ओढून खडू ताजुद्दीनच्या हातात दिला. ताजुद्दीनने तिच्यावर आपला डोंगर काढला.

त्या दिवसापासून यार्डात त्याचं नाव छत्रीवाला पडलं. आणि ताजुद्दीनचे प्रश्न संपेनात. उडी मारायच्या आधी दारात बसून काय बघायचे? छत्री झाडात अडकली तर? पहिल्यांदा पाय सोडताना तोंडात काय यायचं, देवाचं नाव की आईचं?

छत्री झाडात अडकली, तर पायाच्या खिशात लांब दोर असायचा. तो फांदीला बांधून खाली यायचं. छत्री उघडायच्या आधी तोंडात काही यायचं नाही, तोंड कोरडं पडायचं. उडीच्या आधी विमानातून रंगीत कागदाच्या लांब पट्ट्या सोडायचे. त्या तरंगत कुठे पडतात ते बघून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, आणि मगच माणूस सोडायचा.

“म्हणजे वाऱ्याला आधी कागद द्यायचा,” ताजुद्दीन हळूच म्हणाला. नवं शीड घेऊन पहिल्यांदा पाण्यात जाताना बाप डोलकाठीला चिंधी बांधायचा, ते त्याला आठवलं. “आणि सगळं झालं की? घरी कसे यायचे? विमान उतरायचं?”

“नाही. छत्री, कुदळ, डबे, सगळं पाठीवर बांधायचं आणि चालत यायचं. पन्नास किलो. कधी दोन दिवस.”

“बघ,” ताजुद्दीन चहा ओतत म्हणाला, “उडी मारणं सोपं. परत येणंच चालत.”

एकदा वेंडेलने त्याला गाण्याचा अर्थ विचारला. सदानंदला घाम फुटला. शीड, मेण, वारा इथवर जमलं, पण ‘जीव सोडिला’पाशी तो अडला. “मेली असं नाही ना सांगायचं?” तो म्हणाला.

“नाय रे. जीव सोडला म्हणजे सोपवला. शीड शिवून झालं, आता वारा जाणे नि दर्या जाणे.”

सदानंदने सांगितलं. वेंडेलने खिशातून वही काढली आणि सदानंदकडून ते सगळं इंग्रजीत लिहून घेतलं.

त्याच वेळी त्याने एक पत्रही दाखवलं, घडी घालून घालून चिरत आलेलं. तिकडे त्याच्या जुन्या ठाण्यावर एक लांबच लांब खोली होती. हिवाळ्यात आगी नसतात, तेव्हा उड्या मारणारे सगळे आडदांड गडी त्या खोलीत ओळीने मशीनवर बसायचे. पिशव्या, पट्टे, डगले, सगळं आपलं आपण शिवायचे. विकतचं चालायचं नाही.

“का?” ताजुद्दीनने विचारलं.

वेंडेलने उत्तर दिलं, तेव्हा सदानंदने ते लगेच मराठीत आणलं नाही. एकदा स्वतःशी घोळवलं. “म्हणतो, शिवण सुटली तर दोष कुणाचा, हे कुणाला विचारावं लागू नये म्हणून.”

त्या खोलीत नव्या मुलांना शिवण शिकवायला वेंडेलला बोलावलं होतं. ऑक्टोबरपासून. बायको वारल्यापासून त्याला घर असं नव्हतं. तो कुठे कुठे आगी विझवत फिरत होता. ही खोली म्हणजे त्याचं माहेर. पत्र खिशात ठेवून त्याने खिशाचं बटण लावलं आणि वरून हात फिरवला, जसा माणूस झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवतो.

*

शुक्रवारी यार्ड बंद. ताजुद्दीन नमाज पढून आला, तो जेवायच्या आधी शिलाईखोलीत डोकावला. खुंटीवर पिवळा डगला होता. आदल्या दिवशी वेंडेल उजव्या बाहीची शिवण घालून गेला होता.

ताजुद्दीनने बाही उलटी केली. शिवण बघून त्याच्या जिवाला लागलं. तीन ठिकाणी टाका चुकला होता, काखेजवळ तर कापडाच्या कडेवरून सुई घसरलेली. सोमवारपर्यंत टिकेल, मग? ह्या बाहीत हात घालून म्हातारा आगीसमोर उभा राहणार.

सांगावं, तर त्याचं मन मोडेल. आणि त्या खोलीचं पत्र खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, की बाबा, तुझी शिवण वाकडी जाते?

त्याने कात्रीच्या टोकाने ती शिवण उसवली. काखेपासून मनगटापर्यंत, सगळी. मग पत्र्याच्या डब्यातून मेणाचा गोळा काढला. हा गोळा तो गावाहून घेऊन आला होता, तेरा वर्षांत निम्मा झाला होता. तंबूच्या काठासाठी आणलेलं नायलॉनच्या दोऱ्याचं पिवळं रीळ घेतलं, दोरा दुहेरी केला आणि मेणातून तीनदा ओढला. तोच बारीक सूर. ह्या दोऱ्याला खारं पाणी काही करत नाही, ऊन काही करत नाही, ओढ बसली तर कापड फाटेल पण दोरा तुटायचा नाही. मशीनवर न विसंबता त्याने हातानेच शिवायला घेतलं. एक टाका पुढे, अर्धा मागे. त्याच्या बापाची शिवण. दर्याला पुरून उरलेली.

दर्याला. आगीचा विचार त्याच्या मनात आलाच नाही. त्याच्या घराण्यात सात पिढ्या कुणी आगीसाठी शिवलं नव्हतं.

शेवटच्या वीतभर जागेत त्याने मुद्दाम दोन टाके वाकडे घातले, म्हाताऱ्याला संशय येऊ नये म्हणून. आणि डगला होता तसा खुंटीवर लावला.

शनिवारी वर जायच्या आधी वेंडेल डगला न्यायला आला. त्याने बाहीवरून अंगठा फिरवला, काखेपासून मनगटापर्यंत, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. त्याचा सगळा चेहरा उजळला. काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतो?” ताजुद्दीनने विचारलं.

“म्हणतो, हात अजून सरळ चालतो माझा,” सदानंद म्हणाला.

“मग? चालणारच,” ताजुद्दीन म्हणाला आणि तोंड फिरवून चहाचं भांडं विसळायला लागला. हसू लपत नव्हतं.

संध्याकाळी त्याने टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घातली. पत्र लिहिण्यापेक्षा कॅसेट भरून पाठवणं त्याला बरं वाटायचं. बायको अख्तरी ती स्वयंपाकघरात लावायची, म्हणजे निदा आणि लाइबा दोघी मुलींना ऐकू जायची.

“अख्तरी, ऐकतेस ना? मी बरा हाय. धूर हाय, पण मी आत असतो. ऐक, हितं एक छत्रीवाला आलाय. आगीत उडी मारायचा, विमानातनं. खोटं नाय सांगत. लाइबाला सांग, छत्री म्हणजे आपली पावसाची नव्हं, ह्याची घराएवढी. आणि मी आज एक गंमत केली. त्याची शिवण मी उसवली नि माझी घातली, नि त्याला वाटतंय त्याचीच हाय. कुणाला बोलू नको. तू कुणाला सांगणार म्हणा तितं! पण त्याचा चेहरा बघायला हवा होतास तू.”

*

बुधवारी एक गाडी दुपारीच परत आली. धूर नव्हता, लख्ख ऊन होतं. सदानंद स्टोअरमधून धावत गेला आणि चालत परत आला.

“छत्रीवाला भाजला.”

ताजुद्दीन मशीनवरून उठला. “कसा?”

“विहिरीजवळ उभा होता, फवारा धरून. वारा फिरला एकदम. डगल्याला काही झालं नाही म्हणतात, कापड जळतच नाही ते. पण उजव्या बाहीची शिवण उघडली. काखेपासून खालपर्यंत, चेन उघडावी तशी. आतनं आच गेली. हात भाजलाय. जुबैलला नेलं इस्पितळात.” त्याने ताजुद्दीनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “जिवाला धोका नाही हो. बसा तुम्ही.”

“डगला कुठाय?”

“कापून काढला. टाकून दिला असणार.”

सेफ्टीचा माणूस संध्याकाळी कागद घेऊन आला. डगला कुणी दुरुस्त केला, हा एक रकाना होता. ताजुद्दीन मशीनवर बसून होता, पाय पट्टीवर, पट्टी स्थिर. पण त्याला कुणी काही विचारलंच नाही. तो रकाना भरलेला होता. गाडीत घालताना वेंडेलने स्वतःच सांगितलं होतं, शिवण माझी, चूक माझी.

“खलास,” सदानंद म्हणाला. “बरं झालं बाबा, आपल्या अंगाला नाही आलं. नाहीतर गेल्या वर्षी त्या वेल्डरचं झालं ना? फाइल उघडली, कफील शेटनं पासपोर्ट हातात ठेवला, तीन दिवसांत एक्झिट. इकाम्याचा परवाना रद्द.”

सगळे गेल्यावर ताजुद्दीनने कचऱ्याची टोपली उपडी केली. वेंडेलने डगला आखूड करताना कापलेला पिवळ्या कापडाचा एक तुकडा सापडला. त्याच्यावर वेंडेलच्याच वाकड्या शिवणीचा एक वीतभर काठ होता. शेजारी त्याने आपल्या मेणाच्या दोऱ्याने चार टाके घातले आणि काडी ओढून खाली धरली.

कापड काळवंडलं, पेटलं नाही. म्हाताऱ्याचा दोरा काळा पडला, पण जागचा हलला नाही. तोही कापडाच्याच जातीचा होता. आणि आपला, सात पिढ्यांच्या रीतीने तीनदा मेण पाजलेला दोरा? त्याने इवलीशी पिवळी ज्योत धरली, थेंब होऊन ओघळला, आणि चार भोकं मोकळी राहिली.

ताजुद्दीनने काडी विझवली. तीन ठिकाणी चुकलेली का होईना, म्हाताऱ्याची शिवण टिकली असती.

पुढच्या बारा दिवसांत त्याने टेपरेकॉर्डर तीनदा चालू केला. “अख्तरी, ऐकतेस ना,” एवढं म्हणून पुढे फिरणाऱ्या चाकांकडे बघत बसायचा. फीत रिकामी जात राहायची. मग मागे घेऊन पुसून टाकायचा. निदाला बघायला बकरी ईदेनंतर दापोलीची माणसं यायची होती. सौदीतल्या बापाची मुलगी म्हणून येणार होती. मधेच तो बाप घरी येऊन ओट्यावर बसला, तर? आणि सांगून म्हाताऱ्याचा हात थोडाच बरा होणार होता? कापड गेलं, दोरा गेला, रकाना भरला. गप्प राहण्यासाठी त्याला काहीही करावं लागत नव्हतं, ह्याचंच त्याला भय वाटायला लागलं.

मशीनवर बसला तरी गाणं येत नव्हतं.

*

तेराव्या दिवशी वेंडेल आला. हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, गळ्यात झोळी. दहरानहून त्याचं विमान होतं, गाडी फाटकाशी उभी होती. तो मशीनकडे गेला नाही. दाराजवळच्या बाकावर बसला. ताजुद्दीनने चहा दिला, तो त्याने डाव्या हातात धरला आणि थोडा सांडला.

त्याने खिशाचं बटण काढलं. तेच पत्र असेल असं ताजुद्दीनला वाटलं. पण हा नवा कागद होता, डाव्या हाताने लिहिलेला, मोठ्या मोठ्या अक्षरांचा. तो त्याने सदानंदला दिला आणि ऑफिसातून फॅक्स करायला सांगितला.

“काय लिवलंय?” ताजुद्दीनने विचारलं.

“त्याच्या त्या खोलीला लिहिलंय. येत नाही म्हणून.”

“वाच.”

“अहो, खाजगी आहे त्याचं.”

“सदा. वाच.”

सदानंदने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलने मान हलवली, वाच. सदानंद एकेक ओळ मराठीत आणत गेला. “तुम्ही बोलावलंत, आभार. पण मी येऊ शकत नाही. एकतीस वर्षांत माझी शिवण कधी सुटली नव्हती. आता सुटली. मला ती सरळ वाटली होती, अंगठा फिरवून पाहिली होती, तरी सुटली. म्हणजे आता माझ्या हातावर माझाच भरवसा नाही. ज्याला आपली शिवण ओळखता येत नाही, त्याने पोरांना शिकवू नये. त्यांना विमानातून उडी मारायची असते.” सदानंदने कागद खाली केला. “पुढे नुसतीच सही आहे.”

फाटकाशी ड्रायव्हरने हॉर्न दिला. “यल्ला!”

“तो कागद पाठवू नको,” ताजुद्दीन म्हणाला.

“म्हणजे?”

“त्याला सांग, ती शिवण त्याची नव्हती. शुक्रवारी मी त्याची उसवली नि माझी घातली. नायलॉननं. मेण लावून. त्याची राहिली असती तं सुटली नसती. मी काडी लावून बघितलंय.”

सदानंदचा आवाज एकदम खाली आला. “ताजूभाई, काय बोलताय तुम्ही? हे मी ऐकलेलं नाही.”

“सांग त्याला.”

“मी नाही सांगणार. वेड लागलंय? कागद बंद झालाय. तो चाललाय. दोन-अडीच तासांत तो जुबैलच्या पुढे असेल. घरी दोन पोरी आहेत तुमच्या!”

“हाय ना. माहीत हाय मना.”

“मग? हात भरून येईल त्याचा. डॉक्टर म्हणालाय.”

“हात भरंल,” ताजुद्दीन म्हणाला. “कागदातलं नाय भरायचं.”

वेंडेल एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. कुतूहलाने, जसा तो गाण्याच्या वेळी बघत होता. त्याने विचारलं, काय म्हणतोय तो?

“नथिंग, सर,” सदानंद घाईने म्हणाला. “ही इज विशिंग यू सेफ जर्नी.”

वेंडेल हसला. उठला. चहाचा पेला बाकावर ठेवून त्याने डावा हात पुढे केला. ताजुद्दीनने तो दोन्ही हातांत धरला. हॉर्न पुन्हा वाजला. वेंडेलने हात सोडवून घ्यायला हलकेच ओढला, पण ताजुद्दीनने सोडला नाही.

तेरा वर्षांत तो इंग्रजी असं शिकलाच नव्हता. यस सर, नो सर, टुमॉरो, फिनिश, एवढ्यावर भागलं होतं. बाकीचं सदा बोलायचा. आता सदा भिंतीकडे तोंड करून उभा होता, कागद मुठीत धरून. ताजुद्दीनने एकेक शब्द शोधला, अंधारात सुई शोधावी तसा.

“सर,” तो म्हणाला. “युवर स्टिच, गुड. व्हेरी गुड. फ्रायडे, आय ओपन. आय स्टिच. माय थ्रेड, फायर, फिनिश. नॉट युवर हँड, सर. माय हँड.”